तंजावरचा कलासहवास

तंजावरच्या मराठी नाटकांची गणना आपल्या वाङ्मयेतिहासात बहुधा परिशिष्टात होते. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील 'सीतास्वयंवरा'पूर्वी ती होती, एवढे नोंदवून अभ्यासक पुढे सरकतो. वस्तुतः प्रश्न अग्रक्रमाचा नसून सहवासाचा आहे. शाहजीराजांच्या 'पंचभाषाविलासा'त नायिका आपापल्या भाषेत बोलतात, आणि कोणीही परकी ठरत नाही.

दुसऱ्या सरफोजींची (राज्यकाल १७९८–१८३२) 'देवेंद्र कुरवंजी' याहून बोलकी आहे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार; तीत भविष्य सांगणारी कुरत्ती येते. सरफोजींनी तिच्या मुखी मराठीतून जगाचा भूगोल घातला! त्यांच्याच दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे बंधू, मुत्तुस्वामी दीक्षितांचे शिष्य, नृत्याचा क्रम बांधीत होते. राजाश्रयामुळे हे घडले, हे खरे. परंतु आश्रयाने कलावंत एकत्र बसतात, एकमेकांचे ऐकतातच असे नाही. येथे ते ऐकत होते. म्हणूनच १८५५ मध्ये राज्य गेल्यावरही हा सहवास तुटला नाही. मराठी कीर्तन ऐकूनच तंजावूर कृष्ण भागवतरांनी आपली हरिकथा घडविली, आणि साकी, दिंडी, ओवी तमिळ कथेत नांदू लागल्या.