मालवण, लक्षद्वीप की क्रूझ? ॲडव्हान्स भरायच्या आधी हे वाचा



दिवाळीचा सिझन संपला, उधारीची वसुली झाली, गल्ला मोजून झाला, की आपल्या दुकानदारांच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो. यंदा कुठं जायचं? मागची काही वर्षं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: मालवणला, स्कूबा करायला. लातूरच्या बॅचमधले एक काका आहेत, गंजगोलाईत त्यांचं भांड्यांचं दुकान. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताई, एकजण पाचशेत करतो म्हणतोय, दुसरा पंधराशे सांगतोय. समुद्र तर एकच आहे ना?"

काकांचा प्रश्न मला आवडला, कारण हाच प्रश्न गिऱ्हाईक आपल्याला रोज विचारतं. बॅग तर बॅगच आहे ना, मग तुमची साडेसातशेला आणि समोरच्याची तीनशेला का? तिथं आपण चेन दाखवतो, शिलाई दाखवतो, अस्तर उलटं करून दाखवतो. पण स्वतः गिऱ्हाईक झालो की आपण अस्तर बघायचं विसरतो. मीही विसरले होते.

काही वर्षांपूर्वी नांदेड आणि लातूरचे मिळून आम्ही चौदाजण गेलो होतो. बुकिंग माझ्याकडं. मी काय केलं असेल? चौदा माणसं आहेत, रेट बरोबर लावा, नाहीतर शेजारचा तयारच आहे. वजिराबादच्या होलसेल बाजारात शिकलेलं सगळं तिथं वापरलं. रेट जवळपास निम्म्यावर आणला आणि गाडीत सगळ्यांकडून शाबासकीही घेतली.

दुसऱ्या दिवशी बोटीवर आमच्यासोबत आणखी एक ग्रुप होता. पाण्यात उतरवणारी मुलं दोनच. आपला नंबर येईपर्यंत डोलणाऱ्या बोटीत दीड तास बसायचं, निम्म्या लोकांना उलट्या. माझा नंबर आला तेव्हा मी बोटीवरच्या वहिनींना घड्याळ लावायला सांगितलं होतं. खाली गेल्यापासून वर येईपर्यंत पाच मिनिटं, त्यातली दोन फोटोसाठी. ग्रुपमधल्या एका ताईंना सर्दी होती. तुम्हाला सर्दी आहे का, हे कुणी विचारलंच नाही. त्यांचा कान पुढं आठ दिवस दुखत होता.

परत येताना हॉटेलच्या बिलाच्या मागच्या बाजूला मी त्या धंद्याचं कॉस्टिंग मांडून बघितलं. तुम्हीही बघा. समजा एका माणसाचा रेट हजार रुपये. त्यात बोटीचं डिझेल आणि नावाड्याची मजुरी आली, रूमपर्यंत येऊन बुकिंग घेणाऱ्या एजंटचं कमिशन आलं, टाकीत हवा भरणं आलं, सूट-मास्क-रेग्युलेटरची देखभाल आली, कॅमेरावाला आला, आणि तुम्हाला हाताला धरून खाली नेणारा माणूस आला. आता तुम्ही रेट सहाशेवर आणला. डिझेल स्वस्त होत नाही. एजंट कमिशन सोडत नाही. फोटो तर गिऱ्हाईकाला पाहिजेच. मग चारशे रुपये कुठून निघणार? पाण्याखालची मिनिटं कमी होतात, एका बोटीत माणसं जास्त बसतात, प्रशिक्षित माणसाच्या जागी शिकाऊ पोरगा येतो, आणि रेग्युलेटरची सर्व्हिसिंग पुढच्या सिझनवर जाते. समोरचा वाईट असतो असं नाही. मी त्याला कापायला लावलं, आणि त्यानं दिसणार नाही तिथं कापलं. आपणही तेच करतो की, अस्तरात!

फरक एवढाच की बॅगेचं अस्तर फाटलं तर बॅग बदलून मिळते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. तारीख नीट बघा. मे अखेरीस पावसाळ्यासाठी तिथले जलक्रीडेचे धंदे बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत. म्हणजे हे सिझनचे अगदी शेवटचे दिवस होते. शाळेच्या सुट्ट्या संपत आलेल्या असतात, गर्दी असते, आणि समुद्र बदलायला लागलेला असतो. त्या अपघाताचं कारण मी इथं बसून सांगणार नाही. पण माझ्या ग्रुपला मी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाण्यात उतरवत नाही, कितीही ऑफर असली तरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. समुद्र शांत असतो आणि पाणीही त्यातल्या त्यात स्वच्छ.

आता आपण विकत काय घेतो ते बघू. मालवणला जे "स्कूबा" म्हणून मिळतं, त्याला ट्राय डाइव्ह म्हणतात. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण इन्स्ट्रक्टर तुम्हाला पूर्णवेळ धरून असतो. म्हणूनच तो माणूस कोण आहे, हा या व्यवहारातला सगळ्यात मोठा मुद्दा. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असं सगळेच म्हणतात, पण असते ती साधी हवा, दाबून भरलेली. दहा मीटर खाली गेलात की शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. दोन-तीन मीटरवरच कान दडपायला लागतात. तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, म्हणजे दाब बरोबरीत येतो. सर्दी असेल तर ते होत नाही. आमच्या ताईंचं हेच झालं. आणि दुसरा नियम, खाली श्वास कधीच रोखून धरायचा नाही. वर येताना फुफ्फुसातली हवा प्रसरण पावते, रोखली तर इजा होते. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर लपवू नका. जो हे सगळं फॉर्मवर लिहून घेतो आणि उतरायच्या आधी उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं सराव करून घेतो, त्याच्याकडं जा. रेट थोडा जास्त असला तरी जा.

तारकर्लीत एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, "इसदा" नावानं ओळखतात. तिथं स्वतःचा सरावाचा तलाव आहे आणि पूर्ण कोर्सही होतो. "ओपन वॉटर" सर्टिफिकेटचा कोर्स तीन-चार दिवसांचा असतो. तो केला की जगात कुठंही जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. घरात विशीतलं पोरगं-पोरगी असेल तर सगळ्या कुटुंबाच्या फोटोंवर पैसे घालण्यापेक्षा त्या एकाला हा कोर्स करू द्या, असं माझं स्पष्ट मत.

आता सगळ्यात जास्त निराशा जिथं होते ते सांगते. जाहिरातीत निळंशार पाणी आणि रंगीत प्रवाळ दिसतं. मालवणला उतरल्यावर दिसतं हिरवट पाणी आणि पाच-सहा मीटरवर धूसर. फसवलं का? नाही हो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. ते छोट्या प्राण्यांच्या वसाहतीनं बांधलेलं घर असतं. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि ते उन्हावर अन्न तयार करून घरमालकाला देतं. म्हणून प्रवाळाला उजेड लागतो, स्वच्छ पाणी लागतं. आपल्या कोकणात पावसाळ्यात प्रत्येक नदी गाळ घेऊन समुद्रात येते. तारकर्लीच्या शेजारी देवबागला कर्ली नदीच मिळते. त्यामुळे मालवणचं प्रवाळ सलग पसरलेलं नाही, खडकांवर तुकड्या-तुकड्यांनी आहे. पण ते खरं आहे आणि जपण्यासारखं आहे. १९८७ मध्ये इथं २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. ज्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं, ते बेट त्याच्या गाभ्यात येतं. किल्ला बघायला जाताना तुमची बोट अभयारण्यातूनच जात असते.

अजून एक. "त्सुनामी आयलंड" पॅकेजमध्ये घालून देतात. ते खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा पट्टा आहे, तिथं प्रवाळ नाही. मुलांना खेळायला छान आहे, तेवढंच समजून जा.

ज्यांना खरोखर प्रवाळाची बेटं बघायची आहेत त्यांनी लक्षद्वीपचा विचार करावा. तिथं नद्याच नाहीत, म्हणून गाळ नाही, म्हणून पाणी आरपार दिसतं. बेटंच मुळी प्रवाळाची बनलेली. वस्ती असलेली बेटं दहा. प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो, त्यामुळे "शनिवारी निघू" हा आपला हिशोब तिथं चालत नाही. कोचीहून अगत्तीला विमान आहे. नाहीतर कोचीहून एमव्ही कवरत्ती जहाजाचं "समुद्रम" नावाचं सरकारी पॅकेज असतं. त्यात रात्री जहाजावर झोपायचं आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय बघायचं. पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना मी हेच सुचवते. मात्र समुद्र तापल्यामुळे २०२३-२४ मध्ये तिथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं. पाणी फार तापलं की आतलं शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ उपाशी पडतं. त्यामुळे बुकिंगच्या वेळी विचारा की डाइव्ह कुठल्या जागी नेता आणि तिथं सध्या काय स्थिती आहे. उत्तर देणारा माणूस स्वतः पाण्यात जातो की नुसता फोनवर बसतो, ते लगेच कळतं.

अंदमानचं स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, डायव्हिंगला उत्तमच, पण विमानाचं तिकीट जोडलं की बजेट बदलतं. गाडीनं जायचं आणि मालवणपेक्षा स्वच्छ पाणी पाहिजे, तर कर्नाटकात मुरुडेश्वरपासून साधारण १९ किलोमीटरवर नेत्राणी बेट आहे. आणि कुणी "आंग्रिया बँक" दाखवतो म्हणाला तर तिथंच थांबा. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेला तो प्रवाळाचा पठार विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून आत आहे, आणि त्याचा सगळ्यात उथळ भागही साधारण वीस मीटर खोल. पहिल्यांदा उतरणाऱ्याचं ते काम नाही.

क्रूझबद्दल कॉमेंटमध्ये फार विचारणा होती. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलियाची जहाजं सुटतात, काही फेऱ्या लक्षद्वीपच्या असतात. क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल. जेवण, शो, स्विमिंग पूल, मुलं खूश, बायकांना चार दिवस स्वयंपाक नाही (हे शेवटचं कारण मला एकटीला पुरेसं आहे). पण बेटावर मिळतात काही तास, तेही समुद्र शांत असला तर, कारण मोठं जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. प्रवाळ बघायचं म्हणून क्रूझ घेऊ नका, क्रूझ करायची म्हणून घ्या. आणि पॅकेजचा मोठ्या अक्षरातला आकडा बघून खूश होण्याआधी पोर्ट चार्जेस, जीएसटी आणि बेटावरच्या सहलीचे पैसे धरले आहेत का, ते विचारा.

आपल्या मराठवाड्यातल्या लोकांसाठी एक गोष्ट खास, जी कुठल्याच पॅकेजवाल्यानं मला सांगितली नव्हती. डाइव्ह केल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास थांबायचं, हा रूढ नियम. कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. उंच घाटालाही हेच लागू. आणि आपण काय करतो? दुपारी स्कूबा, संध्याकाळी गाडी आंबोलीवर, जी साधारण ६९० मीटर उंच, आणि सकाळी लातूर. ट्राय डाइव्ह उथळ आणि छोटी असते, त्यामुळे धोका कमी. तरी मी आता कार्यक्रम उलटा लावते. पहिल्या दिवशी पोचून झोप, दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा, दुपारी मासे आणि आराम, तिसऱ्या दिवशी किल्ला बघून परत. लातूरहून पाच-एकशे किलोमीटर आहे, नांदेडहून त्याहून जास्त. कोल्हापूरपर्यंत रेल्वे आहे पण रोज नाही, तारखा आधी जुळवा.

आता काकांना मी फोनवर काय विचारायला सांगितलं ते लिहून घ्या. एका इन्स्ट्रक्टरकडं एका वेळी किती माणसं? ट्राय डाइव्हला उत्तर "एकाला एक" असंच पाहिजे. पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं, फोटो धरून की सोडून? इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर पाठवाल का? बोटीला मेरिटाइम बोर्डाचा परवाना आहे का, किती माणसांचा, आणि आमचे चौदा सोडून अजून कोण असणार? लाइफ जॅकेट जाता-येताना अंगावर राहणार ना? प्रवाळावर उभं करून फोटो काढता का? हा प्रश्न मुद्दाम विचारा. हो म्हणाला तर फोन ठेवा. वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत ठेवलंय. तुकडा उचलून घरी आणला तरी गुन्हा आहे.

आणि शेवटी, पाणी खराब असेल तर पैसे परत की तारीख बदलून? मागच्या जानेवारीत मी पुन्हा गेले, यावेळी सहाजण, रेट न पाडता. सकाळी सात वाजता किनाऱ्यावर पोचलो तर बोटवाले दादा पाण्याकडं बघून म्हणाले, "आज पाणी गढूळ आसा ताई, काय दिसूचा नाय. उद्या सकाळी येवा." आलेलं गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी बावीस मिनिटं खाली होते. काकांना मी त्यांचाच नंबर दिलाय.