कोण लागतो कोणाचा?

बोरगाव मेघे हे आमचं गाव वर्धा शहराला अगदी लागून आहे. वर्ध्यात १९९७मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झालं आणि पुढं उत्तरेकडची मुलं इथं शिकायला येऊ लागली. त्यांतलाच एक जण माझ्याकडं मराठी शिकायला येतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, तुमचं घर मला फार चांगलं लागलं." मी विचारलं, "का रे, चाखून पाहिलंस की काय?"

त्याची चूक मला परकी नव्हती. आमची घरची बोली उर्दू. लहानपणी मीही असंच बोलत असे आणि वर्गातली मुलं हसत. हिंदी-उर्दूत 'अच्छा लगा' म्हटलं की भागतं. मराठीत मात्र आंबा गोड लागतो, कारलं कडू लागतं. घर चांगलं 'वाटतं'. भीतीही आपल्याला वाटते. तहान आणि भूक तेवढ्या दोन्हीकडं लागतात.

'लागणे' हे संस्कृत 'लग्' धातूपासून आलेलं क्रियापद. मूळ अर्थ चिकटणं, जोडलं जाणं. 'लग्न' हा शब्दही त्याच घरचा. एवढ्याशा अर्थातून केवढा पसारा झाला! दार लागतं, दिवा लागतो, डोळा लागतो, झाडाला फळ लागतं, विहिरीला पाणी लागतं, भात खाली लागतो, निकाल लागतो. बसस्थानकावर 'नागपूरची गाडी लागली' म्हटलं की प्रवासी पिशव्या उचलतात; 'मला गाडी लागते' म्हटलं की शेजारचा प्रवासी खिडकीची जागा देतो. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्यांनाही या शब्दापुढं अर्थांची लांबच लांब रांग लावावी लागली.

नव्यानं शिकणाऱ्यानं तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, 'मला भूक लागली', 'मला वेळ लागला', 'मला पाणी लागलं' या वाक्यांत बोलणारा तोच असला तरी क्रियापद बदलतं. ते माणसाच्या मागं जात नाही, भूक, वेळ, पाणी यांच्या मागं जातं. दुसरी, 'ऊ'कारान्त रूपापुढं आलं की ते सुरुवात सांगतं: मूल रडू लागलं, पाऊस पडू लागला. तिसरी, 'आवं'पुढं आलं की सक्ती सांगतं: मला जावं लागलं. आमच्याकडच्या बोलीत हेच 'मले जा लागते' असं होतं. 'मी लिहू लागलो' आणि 'मला लिहावं लागलं' यांत केवढं अंतर आहे! पहिल्यात मी कर्ता आहे. दुसऱ्यात कुणीतरी मला बसवलं आहे.

माझ्या या विद्यार्थ्याला स्पॅनिशचीही गोडी आहे. तो म्हणाला, त्या भाषेत 'तोकार' नावाचं असंच एक क्रियापद आहे. मूळ अर्थ स्पर्श करणं. पण गिटार वाजवणं आणि दार ठोठावणं यांनाही तोच शब्द. लॉटरी लागली तरी 'तोकार', खेळात आपली पाळी आली तरी 'तोकार', आणि एखादं काम आपल्या वाट्याला आलं, करावंच लागलं, तरीही 'तोकार'. हजारो मैलांवरच्या माणसांनाही असंच वाटलं असेल, की नशीब आणि कर्तव्य दोन्ही बाहेरून येऊन आपल्याला शिवतात.

या शब्दाचा एक उपयोग मात्र मी त्याला उशिरा शिकवला. काही वर्षांपूर्वी मध्यरात्री शेजारच्या आजोबांच्या छातीत कळ आली. त्यांची मुलं पुण्याला. मी त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. कागद भरणाऱ्यानं त्यांचं नाव लिहिलं, माझं लिहिलं, दोन्ही नावांकडं पाहिलं आणि विचारलं, "पेशंट तुमचे कोण लागतात?"

"शेजारी," मी म्हणालो.

"म्हणजे कोणी लागत नाहीत," असं म्हणून त्यानं रकाना कोरा सोडला.

व्याकरण त्याच्या बाजूनं होतं. मराठीत माणसं रक्तानं किंवा लग्नानं एकमेकांची 'लागतात'. काका लागतो, मेहुणा लागतो. मित्र आणि शेजारी नुसते असतात. आजोबा आठ दिवसांनी बरे होऊन घरी आले. पण ते वाक्य मला लागलं होतं, आणि हाही त्या क्रियापदाचा एक अर्थच.

विद्यार्थ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आमच्या दोन घरांमधल्या सामाईक भिंतीकडं बोट दाखवून म्हणाला, "पण काका, त्यांचं घर तुमच्या घराला लागून आहे ना? मग ते तुमचे लागतातच की."

त्या दिवशी त्याचं वाक्य मला दुरुस्त करावं लागलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)