रोमचे वार्तापत्र : गव्हाच्या देशातले पथ्य

पास्ता आणि पाव ज्या देशात जेवणाचा कणा आहेत, त्या इटलीत गहू न सोसणाऱ्यांची सोय हा घरगुती पथ्याचा नव्हे, तर कायद्याचा विषय आहे. गहू, जव आणि राय यांत ग्लूटेन हे चिकट प्रथिन असते. कणीक ताणली तरी तुटत नाही ती त्याच्यामुळे. सीलिअ‍ॅक आजारात हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, अन्नरस शोषणारे तेथील बारीक अंकुर झिजतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. प्रौढांमध्ये पोटाची तक्रार नसतानाही केवळ न हटणारा रक्तक्षय, थकवा किंवा ठिसूळ हाडे दिसू शकतात, त्यामुळे निदानाला वर्षे लोटतात. औषध नाही, ग्लूटेन जन्मभर वर्ज्य करणे एवढाच उपाय.

इटलीने २००५ च्या कायद्याने सीलिअ‍ॅकला ‘सामाजिक आजार’ मानून शाळा, रुग्णालये आणि सरकारी भोजनगृहांत मागेल त्याला ग्लूटेनविरहित जेवण देणे बंधनकारक केले, शिवाय अशा पदार्थांच्या खरेदीसाठी दरमहा अनुदान ठेवले. १८ ते ५९ वयोगटात २०१८ च्या दरांनुसार त्याची मर्यादा पुरुषाला ११० आणि स्त्रीला ९० युरो अशी होती. बाईची भूक कमी धरणारा हा हिशेब चुलीपाशी बसून केलेला दिसत नाही. चर्चमधील प्रसादाची पोळी मात्र गव्हाचीच हवी, ग्लूटेन अत्यल्प असले तरी चालेल पण मुळीच नसलेले चालणार नाही, असे व्हॅटिकनने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. आपल्याकडे एकादशीला गहू आपोआपच सुटतो.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला इटलीतल्या महाग पाकिटांचा हेवा वाटण्याचे कारण नाही, कारण पूर्वेकडची बाजरी, भीमाशंकरच्या बाजूचा भात, नाचणी, वरई आणि बेसनाची मासवडी ही मुळातच ग्लूटेनविरहित आहेत. अडचण आहे ती गिरणीत. गव्हावर बाजरी दळली की जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ बाजरीत उतरते, आणि किलोमागे २० मिलिग्रॅम ही युरोपाप्रमाणे भारतानेही मानलेली ग्लूटेनची मर्यादा ओलांडायला तेवढे पुरते. बांधणीच्या हिंगात मैदा असतो, भाजणीत पुष्कळदा गहू. सीलिअ‍ॅकचा रुग्ण असलेल्या घराने तांदळावर किंवा बाजरीवरच दळून घ्यावे, किंवा छोटी घरघंटी त्याच धान्यांसाठी राखावी.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रौढांच्या पाहणीत या आजाराशी निगडित प्रतिपिंडे रक्तात असण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. शंका आली तर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि त्यानंतर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून परीक्षा, असा क्रम असतो. मात्र गहू आधीच सोडला तर दोन्ही तपासण्या फसू शकतात, म्हणून निदान होईपर्यंत चपाती बंद करू नये.