वळण संपलं, इंडिकेटर थांबेना

सोलापूरहून होटगीकडे जाताना पुढच्या मोटारीचा उजवा इंडिकेटर टकटकत राहिला, तर मागच्याने काय समजायचं? पुस्तकातला अर्थ सोपा आहे: गाडी उजवीकडे वळणार. पण आसरा, विमानतळ, कुमठे असं करत हा रस्ता होटगीच्या सिमेंट कारखान्यांकडे जातो, आणि त्यावर ट्रकांची भाषा चालते. काही ट्रकवाले उजवा इंडिकेटर देऊन ‘ये पुढं’ सांगतात, काही त्याच दिव्याने ‘थांब, समोरून गाडी येतीय’ म्हणतात. एवढ्या गोंधळात ज्याला काहीच सांगायचं नाही आणि तरी दिवा चालू आहे, अशी मोटार सगळ्यांत धोक्याची. तिच्या मालकाला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. काचा वर, एसी चालू, गाणी मोठ्याने.

वळण झाल्यावर इंडिकेटरचा दांडा आपोआप जागेवर येतो, ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती यंत्र आहे हेच विसरायला होतं. अमेरिकेतल्या ब्युइक कंपनीने १९३९ च्या गाड्यांत लुकलुकणारे इंडिकेटर दिले आणि पुढच्याच वर्षी ते आपोआप बंद होण्याची सोय जोडली. त्याआधी हात बाहेर काढायचा, नाहीतर काही ब्रिटिश गाड्यांसारखी दाराजवळच्या खांबातून छोटी दांडी बाहेर यायची. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये इंडिकेटरने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावं असं ठरवून दिलं आहे. तो कधी थांबावा, हे मात्र स्टेअरिंगखालच्या बोटभर प्लास्टिकवर सोडलेलं आहे.

ते प्लास्टिक करतं काय? दांडा खाली किंवा वर केला की तो एका खाचेत बसतो. स्प्रिंगने दाबलेली गोळी त्याला तिथे धरून ठेवते. त्याच वेळी आतून त्या बाजूची जीभ स्टेअरिंगच्या दांड्याकडे सरकते. स्टेअरिंगबरोबर फिरणारी एक कडी असते, तिला उंचवटे असतात. आपण वळण घेतो तेव्हा उंचवटा जिभेला बाजूला लोटून सुखाने पुढे जातो. चाक परत फिरलं की तोच उंचवटा जिभेला उलट्या अंगाने अडतो, तिला ढकलतो, आणि तिच्यासकट दांडा खाचेतून सुटून मधोमध येतो. सायकलच्या फ्रीव्हीलमधले कुत्ते ज्यांनी उघडून पाहिले आहेत, त्यांना हे लगेच कळेल: एका दिशेला वाट, दुसऱ्या दिशेला अडथळा.

यात गंमत अशी की गाडी वळली की नाही, हे या यंत्राला कळतच नाही. त्याला कळतं ते एवढंच, की चाक पुरेसं फिरून परत आलं. म्हणून लेन बदलताना किंवा सौम्य वळणावर चाक दोन-तीन बोटंच फिरलं, तर उंचवटा जिभेपर्यंत पोचत नाही आणि दिवा चालूच राहतो. त्यात बिघाड काही नाही. गॅरेजमध्ये ‘बंद होत नाही’ म्हणून आलेल्या काही गाड्या अशाच परत पाठवाव्या लागतात. काही जण तर वेगळीच तक्रार घेऊन येतात: इंडिकेटर फार भराभर टकटकतो. तिथे बहुधा एखादा बल्ब गेलेला असतो, स्टेअरिंगला हात लावायचं कारणच नसतं.

खरा बिघाड ओळखायला मोकळं मैदान पुरतं. डावा इंडिकेटर द्या, चाक चांगलं डावीकडे फिरवा, सरळ करा. मग तेच उजवीकडे. एकाच बाजूचा परतत नसेल, तर त्या बाजूची जीभ तुटलेली किंवा झिजलेली. दोन्ही बाजूंचे परतत नसतील, तर कडी जागेवर नाही किंवा जिभेची स्प्रिंग निसटली आहे. एक बाजू लवकर सुटते आणि दुसरी उशिरा, असं असेल तर जाणता मिस्त्री स्विचकडे बघतसुद्धा नाही. तो विचारतो, “मालक, मधी स्टेअरिंग कुणी काढलंतं का?” चाक वाकडं दिसतं म्हणून कुणीतरी ते काढून एक-दोन दाते सरकवून बसवलेलं असतं. कडीही त्याबरोबर सरकते. गाडी सरळ धावते, चाक सरळ दिसतं, आणि इंडिकेटर बिघडतो. दुरुस्तीतून निघालेला हा बिघाड मला सगळ्यांत शिकवणारा वाटतो, कारण तो शोधायला पाना लागत नाही, विचारपूस लागते.

सोलापूरचं ऊनही यात हात धुऊन घेतं. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात बंद गाडी दिवसभर उभी राहिली की आतलं ग्रीस वाळतं, जुनं प्लास्टिक ठिसूळ होतं. वर काहींना वळताना दांडा बोटाने दाबून धरायची सवय असते. चाक परतताना उंचवटा जिभेवर जोर देतो, दांडा हलत नाही, मग जीभ जाते.

तुटलेली जीभ सहसा सुटी मिळत नाही. इंडिकेटरचा दांडा ज्यात असतो तो अख्खा कॉम्बिनेशन स्विच बदलावा लागतो. फेविक्विकने चिकटवणारे भेटतात. पण दर वळणाला धक्का खाते तीच जागा, तिथे तो जोड किती टिकणार? त्यापेक्षा भंगारातल्या त्याच मॉडेलचा स्विच बरा, मात्र तो बसवण्याआधी हातात धरून दोन्हीकडे खटकतो का ते पाहून घ्यावं.

जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत स्विच बदलण्यासाठी स्टेअरिंग काढायचं काम साधं. हॉर्नचं झाकण काढायचं, मधला नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. दोन-चार आटे राहू द्यायचे, म्हणजे हिसका देताना चाक सुटून तोंडावर येत नाही. त्याआधी चाकावर आणि स्टेअरिंगच्या दांड्यावर एकाच रेघेत रंगाची खूण करायची. ही खूण नसेल, तरीही वर सांगितलेला सरकलेल्या कडीचा प्रकार घडू शकतो.

एअरबॅगच्या गाडीत मात्र हात आवरावा. बॅटरी काढून कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचं, मगच पिवळ्या कनेक्टरला हात. त्याखाली क्लॉक स्प्रिंग असते: गुंडाळलेली चपटी तार, चाक फिरलं तरी एअरबॅगपर्यंत वीज पोचवणारी. कित्येक गाड्यांत इंडिकेटर परतवणारी कडी याच भागावर असते. क्लॉक स्प्रिंग मधोमध न ठेवता बसवली, तर एखाद्या पूर्ण वळणात तार तुटते आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येही हे काम चोख करणारे आहेत. पण मिस्त्रीने बॅटरीला हात न लावता थेट पाना उचलला, तर गाडी तशीच मागे घ्यावी.

तोवर बिघडलेला इंडिकेटर घेऊन गाडी चालवायचीच असेल, तर वळण झालं की दांडा हाताने मागे घ्यायचा. दुचाकीवाले तेच करतात, निदान त्यांनी तसं करावं अशी अपेक्षा असते. उसाच्या हंगामात या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि लोंबत्या उसाआड मागचा दिवा असला तरी दिसत नाही. तिथे वळायचं कळतं ते ट्रॅक्टर मंदावल्यावरच. अशा वेळी मागच्या मोटारीचा खोटा उजवा दिवा चालू असेल, तर तिच्या मागचा ट्रकवाला तो ‘ये पुढं’ समजून गाडी बाहेर काढतो.