बोअरला आसरा नसतात

बीड जिल्ह्यात सगळ्यात लांबलेली गोष्ट रेल्वेची. ‘औंदा रेल्वे येणार’ हे माझ्या आज्यानं ऐकलं, बापानं ऐकलं, आणि आम्ही तर दर निवडणुकीला ऐकलं. परळीला निजामाच्या काळापासून गाडी होती, पण जिल्ह्याच्या गावाला रूळ नव्हता. नगर-बीड-परळी मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला आणि बीडच्या स्टेशनातून प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. गोष्ट खरी झाली आणि संपली. आता ती कुणी सांगत नाही. खऱ्या-खोट्याचा प्रश्नच ज्यांना कधी पडला नाही, अशा गोष्टींचं मात्र गेल्या पन्नासेक वर्षांत काय झालं, हे मला बघायचं आहे. कारण त्या गोष्टींवरच आम्ही वाढलो. तेव्हा घरात दुसरं फारसं काही नव्हतं.

आमचं गाव घाटावरचं, बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोद्याच्या बाजूला. माळवदाची घरं, एक पडकी गढी, वेस, पार, मारुती. पावसाळ्यात सौताड्याला विंचरणेचं पाणी कड्यावरून कोसळतं, ते बघायला आता लांबून मोटारी येतात. आमच्या ओढ्यात मात्र दसऱ्यानंतर पाणी टिकत नसे. त्यामुळं गावातल्या निम्म्या गोष्टी पाण्याच्या. विहिरी तीन आणि तिन्हींवर कुणी ना कुणी राहायला. एकीच्या काठावरच्या पिंपळावर मुंजा. पाटलाच्या मोटेच्या विहिरीत, रझाकारीत दागिन्यांचा हंडा टाकला म्हणून, एक नाग. आणि गावविहिरीत साती आसरा. पायऱ्यांच्या कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड, त्यापुढं हिरव्या बांगड्यांचे तुकडे आणि वाळलेला दहीभात. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला त्या पाण्यावर येतात, एकट्या लेकराला आत ओढतात, ओल्या बाळंतिणीला झपाटतात, असं आई सांगायची. आई म्हणजे माझी आजी. आजीला आई आणि आईला बाई म्हणायचं, ही आमच्याकडची रीत.

लोककथेच्या पोटात शास्त्र असतं, असं म्हणायची हल्ली फार हौस आहे. आसरांच्या भीतीनं पाणी स्वच्छ राहिलं, लेकरं बुडाली नाहीत, वगैरे. मला ते पटत नाही. आमच्या विहिरीत लेकरंही बुडाली आणि बायकांनी जीवही दिले. बुडालेल्यांच्या घरी मात्र ‘आसरांनी नेलं’ एवढं म्हणता येत होतं. सासरच्या जाचानं गेलेल्या सुनेबद्दलही तेच म्हणत. या गोष्टींनी बरंच काही झाकलं, हे लहानपणी कळत नव्हतं.

बाहत्तरच्या दुष्काळात तिन्ही विहिरी तळाला गेल्या. गाव खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागलं. मिलो नावाची लाल ज्वारी आणि सुकडी खाल्लेली माणसं आजही तिची चव सांगताना तोंड वाकडं करतात. त्या उन्हाळ्यात आम्ही पोरांनी पाऊस पडावा म्हणून अंगाला लिंबाचा पाला बांधून धोंडी मागितली. दारोदार आमच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, अशी पद्धत. बायका तांब्याऐवजी ओंजळभर पाणी शिंपडत होत्या, आणि एका म्हातारीनं तर ‘पुढच्या दारी जा रं बाबांनो’ म्हणून सांगितलं. गावविहिरीचा गाळ काढायला माणसं उतरली तेव्हा आम्ही काठावरून वाकून बघत होतो. आत चिखल, दोन घागरी, एक तुटका पोहरा. आसरा कुठं गेल्या? आईनं क्षणभर विचार केला आणि सांगून टाकलं, ‘गंगंला गेल्या. पाणी आलं की येतील.’ गंगा म्हणजे आमची गोदावरी, जिल्ह्याच्या उत्तरेला. दैवतांनीसुद्धा पाण्यासाठी गाव सोडावं, यात कुणालाच नवल वाटलं नाही.

कारण त्यानंतर माणसंही गाव सोडू लागली. ऊसतोडीला आमच्याकडून आधीही काही घरं जात होती, बाहत्तरनंतर गल्ल्याच्या गल्ल्या जाऊ लागल्या. मुकादमाची उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, दसरा-दिवाळीच्या आसपास ट्रकात किंवा बैलगाडीत संसार भरायचा आणि नगर, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत जायचं. फडाजवळ पाचटाच्या कोप्या घालून राहायचं आणि पाडव्याच्या पुढं-मागं परतायचं. लहान लेकरं बरोबर जायची. शाळेत घातलेली मागं राहायची, म्हाताऱ्यांपाशी. आम्ही मागं राहिलेल्यांतले.

ऊसतोडीनं गावं मोडली, शाळा मोडल्या, बायकांच्या शरीराची दैना केली. याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यातलं खोटं काही नाही. पण आमच्या गोष्टी टिकल्या त्याही ऊसतोडीमुळंच, असं मला मागं वळून बघताना दिसतं. सहा महिने गावात मधली पिढीच नसायची. घरात एक म्हातारा, एक म्हातारी आणि चार-पाच नातवंडं. भाकरी झाली की दिवा बारीक करायचा, कारण रॉकेल पुरवायचं असायचं. अंधारात लेकरं रडू नयेत म्हणून म्हाताऱ्यांना रोज काहीतरी सांगावंच लागायचं. हंगामभर सांगायचं तर गोष्टी किती लागतील! मग चकव्याच्या गोष्टी आल्या. माळावर रात्री वाट चुकवणारा, सकाळी माणसाला जिथून निघाला तिथंच आणून सोडणारा चकवा. सटवाईच्या आल्या, पाचवीला कपाळावर लिहिणाऱ्या. मायंब्याच्या मच्छिंद्रनाथाच्या आणि मढीच्या कानिफनाथाच्या आल्या.

आज्याकडं मोगलाईच्या गोष्टी होत्या. निजामाचा मुलुख ती मोगलाई आणि शेजारचा नगर जिल्हा म्हणजे इंग्रजी. मधे करोडगिरीचे नाके, अलीकडं हाली सिक्का, पलीकडं कलदार रुपया. रझाकारीत बायका-पोरांना रात्रीतून इंग्रजी हद्दीत नेऊन ठेवलेलं, पुरुषांनी ज्वारीच्या रानात रात्री काढलेल्या. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनची गोष्ट तो दरवर्षी थोडी वाढवून सांगायचा. पहिल्या वर्षी त्यानं रणगाडा लांबून बघितला होता, पुढं पुढं तो त्याच्यावर बसून आला.

त्याच्या आवडीची दुसरी गोष्ट दाताची. दिल्लीचा बादशहा महंमद तुघलक दौलताबादेकडं जाताना बीडजवळ त्याचा दात पडला. त्यानं तो इतमामानं पुरला आणि वर घुमट बांधली. बीडजवळच्या करजणीच्या डोंगरावर ती घुमट अजून आहे, आणि दात पुरल्याची हकीकत फिरिश्त्याच्या इतिहासातही आली आहे. म्हणजे ही आमच्या आज्याची थाप नव्हती. त्याचा शेरा मात्र त्याचाच होता. स्वतःच्या बोळक्यावरून हात फिरवत तो म्हणायचा, ‘त्याचा एक दात पडला तर घुमट. मपला सगळा जबडा गेला, कुणी दगुड ठिवला का?’

आईची गोष्ट योगेश्वरीची. अंबाजोगाईची योगेश्वरी कोकणातली. तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं. वऱ्हाड निघालं, वाटेत रेंगाळलं, मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. देवी तिथंच कुमारिका राहिली. तिथल्या हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती त्या वऱ्हाडातले. कोकणस्थांची ही कुलदेवता इतक्या लांब मराठवाड्यात का, याचं उत्तर पंडितांनी वेगवेगळं दिलं आहे, पण आम्हा पोरांचा प्रश्न निराळा होता. आमचेही आई-बाप ट्रकात बसून गेलेले. तेही असेच वाटेत दगड झाले तर? माझ्या धाकट्या बहिणीनं एकदा तसं विचारलं. त्या रात्रीपासून आईनं गोष्टीचा शेवट बदलला. तिच्या सांगण्यात वऱ्हाडातले हत्ती-घोडे दगड झाले, माणसं चालत घरी आली. पुढं शिकायला अंबाजोगाईला गेलो तेव्हा खडकात खोदलेलं ते लेणं आणि झिजलेले हत्ती बघितले. तिथल्याच संतकवी दासोपंतांची पासोडीही ऐकून माहीत होती. सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेला तो ग्रंथ आईच्या लेखी मोठी गोधडी होती, आणि एवढ्या गोधडीवर माणसानं निजायचं सोडून लिहिलं का, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळंच काही असं जड नव्हतं. केज तालुक्यातल्या विड्याचं नाव निघालं की म्हातारे अजून हसतात. तिथं धुळवडीला गावाचा एक जावई गाढवावर बसवून, गळ्यात चपलांची माळ घालून वाजतगाजत मिरवतात. शेवटी त्याला नवे कपडे, अंगठी असा आहेर करतात. सुरुवात एका देशमुखांच्या जावयापासून झाली असं सांगतात. ऐंशी-नव्वद वर्षांची ही रीत अजून चालू आहे. होळी जवळ आली की गावातले जावई गायब होतात आणि पोरं त्यांच्या मागावर असतात. सासुरवाडीला घाबरणारा पुरुष महाराष्ट्रात दुसरीकडं कुठं बघायला मिळेल असं वाटत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा ऐकायला मिळाली. बाईच्या ऊसतोडीच्या टोळीत आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतली एक म्हातारी होती. तिच्यापुढं मी एकदा आसरांचा विषय काढला, तिच्याकडंही चार गोष्टी असतील म्हणून. ती म्हणाली, ‘तुमच्या आसरा आम्हाला काहून ओढतील? आम्हाला त्या पायऱ्या कुणी उतरू दिल्या?’ गावविहिरीची आमची सगळी लोककथा काठावरच्यांची होती. ज्यांना पाणी कुणीतरी वरून ओतेपर्यंत घागर घेऊन उभं राहावं लागत होतं, त्यांच्याकडं त्याच विहिरीची दुसरी गोष्ट होती आणि ती आमच्या दिव्यापर्यंत कधी आलीच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्यांच्या चमूनं १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बायकांचे आवाज टिपले. बाबासाहेबांवरच्या त्या ओव्या ऐकल्या की आपल्याच जिल्ह्याचा किती भाग आपण ऐकला नव्हता, हे कळतं.

इंग्लंडमध्ये लोककथा जमवणारी मंडळी १८७८ साली लंडनला संस्था काढून बसली. सफोक परगण्यातल्या बंगी गावच्या देवळात १५७७ च्या वादळात काळा कुत्रा शिरला, ही गोष्ट तिथल्या गावकऱ्यांनी इतकी जपली की तो कुत्रा गावाच्या मानचिन्हावर बसला. आपल्याकडं दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांनी केलेलं काम लहान नाही. पण गावोगावच्या विहिरीपर्यंत तीन माणसं पोचणार कशी?

आता विहिरींकडं कुणी जात नाही. ऐंशीनंतर हातपंप आले, मग बोअर आले. पाचशे फूट, आठशे फूट, कितीही खाली जा. बोअरला पायऱ्या नसतात, कोनाडा नसतो, वाकून बघता येत नाही. बोअरला आसरा नसतात. आमच्या गावविहिरीत २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरचं पाणी ओतलं, तेव्हा काही म्हाताऱ्यांनी नारळ फोडला. त्यानंतर तिच्यात प्लास्टिकच जास्त पडलं. दगड सातांतले चार उरलेत. बीडजवळच्या खजाना विहिरीचं पाणी हटत नाही, असं सांगतात. तिला मान आहे, कारण ती इतिहासात आहे. आमच्यासारख्या विहिरी कुणाच्या पुस्तकात नाहीत.

मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजना आली. चांगलं झालं. रॉकेलच्या अंधारात भुतांच्या गोष्टी ऐकण्यापेक्षा लाइटीत गणितं सोडवणं केव्हाही बरं, आणि यावर मला हळहळायचं नाही. म्हाताऱ्यांच्या हातातही मोबाइल आला. २०१९ च्या चारा छावणीत गेलो होतो. जनावरांपाशी रात्रभर मुक्कामाला म्हातारेच होते. एकानं चकव्याची गोष्ट सुरू केली, चार जण जमले, तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर तमाशाची क्लिप लागली आणि चकवा अर्ध्या वाटेतच राहिला. गोष्ट सांगणारा रागावला नाही. तोही क्लिप बघायला सरकला.

माझ्या आईच्या गोष्टींपैकी मला आज पुरत्या येतात त्या फार थोड्या. बाकीच्यांची नुसती नावं आठवतात. म्हणून एक सांगणं. दिवाळीनंतर ट्रक निघून जातात तेव्हा घाटावरच्या गावांत पारावर बसायला म्हातारी माणसंच उरतात. त्या दिवसांत कुठल्याही गावात जा, गावविहिरीत कोण राहतं ते विचारा, आणि मग वस्तीत जाऊन त्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नव्हते तेही विचारा. फोनवर दोन्ही टिपून घ्या. वेळ भरपूर ठेवा, कारण रणगाड्याची गोष्ट लांबते.