मुंग्यांवर जगणारे दोघे

ऐका रे पोरांनो, रातोरात येऊन रताळी उकरून जाते ती साळ तुम्हाला ठाऊक आहे. पण खानापूरच्या जंगलात खवले मांजरही राहतं, आणि ते तुमच्या आज्जीनंसुद्धा कधी बघितलेलं नाही. दिवसभर बिळात झोपायचं, अंधार पडला की निघायचं, अशी त्याची तऱ्हा.

नजर मंद, पण नाक भारी. वासावर ते वारूळ गाठतं. उन्हाळ्यात वारूळ असं कडक होतं की कुदळ मारली तरी टण्णकन वाजते. हा गडी पुढच्या पायांच्या वाकड्या नखांनी ते फोडतो. मुंग्या चवताळून अंगावर धावतात, तेव्हा नाकपुड्या आणि कान मिटून घेतो. मग जीभ आत जाते. लांबलचक, चिकट, तिचं मूळ तोंडात नाही, पार खाली बरगड्यांच्या शेवटाशी. वाळवी चिकटली की जीभ मागं, गिळलं, की परत आत. दात एकही नाही. गिळलेले बारीक खडे पोटात दळण दळतात.

आता ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत जाऊ. तिथं एकिडना नावाचा प्राणी आहे. अंगावर काटे साळीसारखे, पण खाणं मुंग्या-वाळवीचं. यालाही दात नाहीत. चोचीसारखं तोंड, चिकट जीभ, उकरायला दणकट नखं. तुम्ही म्हणाल, हे दोघं भाऊ-भाऊ दिसतात. मुळीच नाही! खवल्या मांजराचे जवळचे नातलग म्हणजे कुत्री, मांजरं, वाघ, अस्वलं. एकिडनाचा नातलग प्लॅटिपस. कुळं वेगळी, पण खाणं एक, म्हणून हत्यारं सारखी झाली.

एकिडनाची खरी गंमत पुढंच आहे. ही मादी अंडं घालते! एकच, मऊ कवचाचं, आणि ते पोटावरच्या पिशवीत ठेवते. साधारण 10 दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि दूध पितं. आईला सड नसतात. दूध कातडीतून पाझरतं, पिल्लू ते चाटतं. न्यू गिनीतली एक जात 1961 नंतर कुणाला दिसलीच नव्हती. 2023 मध्ये सायक्लॉप्स डोंगरात लावलेल्या कॅमेऱ्यात ती सापडली.

संकट आलं की एकिडना उभ्या उभ्या जमिनीत शिरतो, वर नुसते काटे. खवले मांजर अंगाचा चेंडू करतं. बिबट्यालाही तो उलगडत नाही. पण माणसाला उलगडायची गरजच काय? तो चेंडू उचलून पोत्यात घालतो. खवल्यांत औषध असतं म्हणे! अरे, आपली नखं ज्या केराटिनची, त्याचेच ते खवले. मग नखंच उगाळून प्या की! या खुळापायी जगभर इतकी तस्करी झाली की 2016 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. आपल्याकडं 1972 च्या कायद्यात ते वाघाच्याच यादीत, पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, तेही आईच्या शेपटीवर बसून फिरतं. म्हणजे एक आई मारली की दोन जीव गेले.

उद्या शेताच्या बांधावर, रस्त्यावर असा चेंडू दिसला तर हात लावू नका. कुत्री हाकला, गर्दी करू नका, आणि वनखात्याला कळवा. सोडून दिलं की थोड्या वेळानं ते आपलं आपण उलगडून निघून जातं.