एक खुंटी कमी

एड्सविषयी बोलायला गेलो की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. ‘‘डॉक्टर, काही जणांना हा रोग होतच नाही म्हणे. खरं का?’’ उत्तर ‘हो’ असेच आहे. पण या ‘हो’चा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

न्यूयॉर्कमध्ये स्टीफन क्रोन नावाचे गृहस्थ होते. त्यांचा जोडीदार १९८२ साली एड्सने गेला. मागोमाग अनेक स्नेही गेले. क्रोन यांना मात्र लागण झाली नाही. ते स्वतःहून संशोधकांकडे गेले, रक्त दिले. प्रयोगशाळेत त्यांच्या पांढऱ्या पेशींवर एचआयव्ही सोडला, तरी तो आत शिरेना. याचे कारण १९९६ साली उलगडले.

भिंत चढायला दोन खुंट्या लागाव्यात, तसा पेशीत शिरायला या विषाणूला पेशीच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिनांचा आधार लागतो. पहिले सीडी-४ आणि दुसरे बहुधा सीसीआर-५. क्रोन यांच्या सीसीआर-५ जनुकातला ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला होता, आणि तोही आईकडून व वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींमध्ये. त्यामुळे दुसरी खुंटी पृष्ठभागावर येतच नव्हती. एकाच प्रतीत हा बदल असेल तर लागण होऊ शकते. आजार मात्र सहसा सावकाश बळावतो.

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात साधारण एकाला अशा दोन प्रती मिळतात. भारतात हा बदल फार दुर्मीळ आहे. शिवाय काही एचआयव्ही विषाणू सीएक्ससीआर-४ ही वेगळीच खुंटी धरतात. म्हणून दोन्ही प्रती बदललेल्यांनाही क्वचित लागण झाली आहे.

या शोधाचा उपयोग मात्र मोठा झाला. सीसीआर-५ झाकून टाकणारे मॅराव्हिरॉक हे औषध २००७ साली आले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राऊन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी, दोन्ही प्रती बदललेल्या दात्याच्या मूळ पेशी देण्यात आल्या. त्यांच्या शरीरातला एचआयव्ही नाहीसा झाला. कर्करोग उलटून २०२० साली ते वारले, तोवर तो परतला नव्हता. पण असे रोपण जिवावर बेतू शकते. तो सरसकट उपाय नव्हे.

आता आपल्यापुरते. एकदा धोका पत्करूनही लागण झाली नाही, म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती आहे, असे समजू नका. प्रत्येक संबंधातून लागण होतेच असे नाही. पण पुढच्या वेळी होऊ शकते. तेव्हा निरोध वापरा, दुसऱ्याची सुई वापरू नका आणि शंका असेल तर तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रांत ती मोफत होते, नाव गुप्त राहते. लागण निघालीच, तर औषधेही तिथेच मोफत मिळतात, आणि ती नियमित घेणारा माणूस दीर्घकाळ चांगले आयुष्य जगतो.